पहिला हॅलो मशीनचा

सुजाता सोनकांबळेबद्दल लिहायचं मी बारा-तेरा वर्षं टाळलं. प्रसंग आले नाहीत असं नाही. माझ्या निरोपसमारंभात आला होता, हातात श्रीफळ होतं, समोर माइक होता, आणि किरीटभाई म्हणाले होते, "कर्णिकसाहेब, दिल से बोला." मी दिलसे बोललो, पण दुसरंच. पुढे आमच्या सोसायटीतली निवृत्त मंडळी संध्याकाळी जेसल पार्कच्या चौपाटीवर बसायची, तिथे कंपनीतल्या गमती सांगायचा आग्रह व्हायचा. मी गमती सांगायचो. त्यात सुजाता असायची, पण शेवट नसायचा. एकदा बायकोनेच विचारलं, "ती तुमची सुजाता पुढे काय करते हो?" मी टीव्हीचा आवाज वाढवला. तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही. तेव्हा मला चांगलं ऐकू यायचं.

आता त्र्याहत्तर पूर्ण झाली. म्हणून लिहितो.

आमची कंपनी म्हणजे भाईंदर पूर्वेला, नवघरच्या बाजूला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमधले पहिल्या मजल्यावरचे दोन गाळे, मधली भिंत पाडून एक केलेले. खाली, शेजारी, समोर सगळे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने. दिवसभर पत्रा कापायचा, ठोकायचा, घासायचा आवाज. आणि या गोंगाटात आम्ही बनवायचो आवाजाची यंत्रं. हातात मावणारी, बॅटरीवर चालणारी. बोलकी घड्याळं, अंधांना पुस्तक वाचून दाखवणारे डबे, देवळात ठेवायची आरतीची पेटी. किरीटभाई मालक, मी तांत्रिक विभागाचा प्रमुख. "भांडेगल्लीत सतार विकायला बसलोय आपण," असं मी प्रत्येक पाहुण्याला सांगायचो. ही कोटी सुजाताने इतक्यांदा ऐकली होती की मी 'भांडे' म्हटलं की ती 'सतार' म्हणायची आणि कामाला लागायची.

ती आली तेव्हा तिशीच्या आतबाहेर असेल. मूळची नांदेडकडची. आधी डिप्लोमा, मग नोकरी करत डिग्री. लग्न होऊन पेणकरपाड्याला राहायला आलेली. केस घट्ट बांधलेले, पायात साध्या चपला, आणि कानात काही नाही. कुडीसुद्धा नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "हलतं ना सर ते, किणकिणतं. मग मी तासभर बोर्डातला दोष शोधत बसते."

तिचं काम ड्रायव्हर लिहिण्याचं. यंत्रातल्या चिपला फक्त आकडे कळतात. स्पीकरला आकडे कळत नाहीत, त्याला फक्त थरथरता येतं. या दोघांच्या मध्ये बसून जो प्रोग्राम वेळच्या वेळी माल पोचवतो, तो ड्रायव्हर. दिसत नाही, त्याचं नाव डब्यावर छापलं जात नाही, आणि तो नीट चालला तर तो आहे हेच कोणाला कळत नाही. तिच्या सासूबाईंनी आळीभर सांगून ठेवलं होतं की सून ड्रायव्हर आहे. "कुठली रिक्षा, शेअरची का?" असं एकीने विचारल्यावर सुजाता म्हणाली होती, "नाही हो मावशी, मीटरची. एक सेकंद इकडेतिकडे चालत नाही."

किरीटभाईंना हे सगळं गूढ वाटायचं. आरतीची पेटी मधूनच अडखळायची तेव्हा ते वैतागून आमच्या टेबलापाशी आले.

"बेन, ये आवाज बीच में अटकतो कसा? आरतीमध्ये देव पण थांबतो काय?"

सुजाताने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "शेठ, तुमच्या बिल्डिंगला पाणी कसं येतं?"

"कुठे येतं? टँकर मागवतो."

"टँकर टाकीत ओततो. तुम्ही खाली नळ सोडून आंघोळ करता. टाकीत पाणी असेल तोवर टँकर कधी आला, कधी गेला, तुम्हाला कळतं का?"

"नाय."

"आणि टाकी संपली तर?"

"साबण लावलेला असतो ना, बेन!"

"तसंच आहे हे. वरून आवाज टाकीत ओतायचा, खालून स्पीकर पितो. त्याचा नळ कधी बंदच नसतो. आमच्या घरी म्हणून दोन पिंपं आहेत. एक वापरायचं तोवर दुसरं भरून घ्यायचं. मी यात पण दोन पिंपं केलीत. पण एक अर्ध्यावर आलं की हाक मारायला हवी ना. ती हाक जरा उशिरा जातेय."

किरीटभाई समाधानाने मान हलवत म्हणाले, "मतलब, टँकर लेट." त्या दिवसापासून आमच्या गाळ्यात कुठलाही आवाज अडखळला की सगळे एका सुरात "टँकर लेट!" ओरडायचे. बाहेरून आलेला ग्राहक चक्रावून जायचा.

तिच्या जेवणाची एक गंमत होती. दुपारी एक ते दीड भांड्यांचे सगळे कारखाने सुट्टीसाठी बंद व्हायचे. दिवसातला तेवढाच अर्धा तास इस्टेटमध्ये शांतता. आम्ही एकला डबे उघडायचो, आणि सुजाता त्याच वेळी डोळे मिटून, यंत्र कानाशी धरून ऐकत बसायची. शेजारी कोणी पोळीसोबत काकडी खाल्ली तर एक डोळा उघडून बघायची. काकडीवाल्याने बाहेर जिन्यात जाऊन खावं, असा मूक हुकूम असायचा तो. दीड वाजता पॉलिशची मशीनं सुरू झाली की ती डबा उघडायची आणि त्या कानठळ्यांत शांतपणे जेवायची. मी म्हणायचो, "अगं, जरा शांततेत जेवत जा." ती म्हणायची, "शांतता खाण्यात घालवली तर काम कधी करू, सर?"

आमच्या धंद्यात 'टक' नावाचा एक शत्रू असतो. स्पीकरला जागं करताना, म्हणजे वीज एकदम सोडताना, एक बारीक टक असा आवाज होतो. बॅटरी वाचवायची म्हणून आमची यंत्रं बोलून झालं की झोपायची आणि बोलायच्या आधी जागी व्हायची. म्हणजे दर वेळी टक. सुजाता हा टक घालवण्यात महिनेच्या महिने घालवायची. एकदा मी एका यंत्राला पास म्हणून सही केली. ती म्हणाली, अजून टक आहे. मी म्हणालो, नाही. दोन वाजले होते, खाली मशीनं धडधडत होती.

तिने पर्समधून स्टीलची एक चपटी डबी काढली. आत रवा. यंत्र उघडून तिने स्पीकरच्या कागदावर पातळ प्लास्टिक पसरलं, त्यावर चिमूटभर रवा टाकला आणि बटण दाबलं. आवाज काही ऐकू आला नाही; पण रवा टुणकन उडाला. एकदाच. मग यंत्र बोलायला लागलं तसा नुसता थरथरत राहिला.

"दिसला?" ती म्हणाली. "सर, तुमच्या आडनावातच कर्ण आहे, म्हणून मी विश्वास ठेवते. पण मधूनमधून डोळ्यांनी पण ऐकत जा."

सगळे हसले. मीही हसलो. सही खोडली. ती डबी तेव्हापासून तिच्या टेबलावर कायमची झाली. रवा दर महिन्याला बदलायची, नाहीतर किडे होतात म्हणून.

हे कान तिला वडिलांकडून आले होते. वडील गावाकडे लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचे. लग्नं, जयंती, सभा. जुना ॲम्प्लिफायर तापायला वेळ घ्यायचा आणि सुरुवातीचे शब्द खाऊन टाकायचा. एकदा कोणा पुढाऱ्याने माइक हातात घेतल्या घेतल्या 'बंधुभगिनींनो' म्हटलं आणि गावाला नुसतं 'गिनींनो' ऐकू आलं. त्यानंतर वडील कोणालाही थेट बोलू देत नसत. आधी स्वतः माइकसमोर उभे राहून हॅलो म्हणायचे. थांबायचे. मग पुन्हा हॅलो. "पहिला हॅलो मशीनचा, दुसरा माणसांचा," असं ते म्हणायचे. "मशीन पहिला घास खातं. त्याचा त्याला देऊन टाकायचा, म्हणजे ते माणसांच्या ताटात तोंड घालत नाही."

सुजाताचं सगळं ड्रायव्हरशास्त्र या एका वाक्यावर उभं होतं असं मला वाटतं. मी इंग्रजी पुस्तकं वाचून जे शिकलो ते तिला घरातूनच आलं होतं.

आणखी एक सवय. यंत्र तयार झालं की ती ते आमच्याकडून तपासून घ्यायची नाही. "तुम्हाला काय बोलणार ते आधीच माहीत असतं, सर. माहीत असलं की माणूस न आलेलं पण ऐकतो." मग ती खाली जायची. इस्टेटच्या फाटकाशी गावातली एक म्हातारी सुकट-बोंबील घेऊन बसायची. सुजाता टोपलीशी उकिडवी बसून यंत्र वाजवायची.

"मावशी, काय बोललं?"

"बोलतंय गो, पन घाईन हाय तो. सुरवात न्हाय आयली."

"परत लावू?"

"लाव. आनि जरा गिऱ्हाइकाला वाट दे, तुजा डबा बगून ती पलतात."

मावशीने पास केल्याशिवाय सुजाता यंत्र पुढे पाठवायची नाही. बदल्यात सुकट घ्यायची, आणि आमच्या खोलीत दिवसभर वास. शाकाहारी किरीटभाई त्या दिवशी लांबूनच सूचना द्यायचे.

एवढ्यावर मी नेहमी थांबायचो. चौपाटीवर इथे लोक हसायचे आणि विषय बदलायचा.

एका धर्मादाय दवाखान्यासाठी आम्ही टोकन पुकारणारा डबा केला. सिस्टरने खिशात घालून फिरावं, बटण दाबलं की डब्याने पुढचा नंबर पुकारावा. सुजाताने त्यात दोन गोष्टी केल्या होत्या. स्पीकर जागा व्हायला वेळ दिला साठ. म्हणजे सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले साठ. तेवढ्यात टक जवळजवळ मरायचा, थोडा उरायचा. वेळ वाढवला तर टक पुरता मरतो, पण स्पीकर जागा होईपर्यंत डबा जे बोलतो ते वाया जातं. आणि प्रत्येक आकड्याच्या आधी 'क्रमांक' हा शब्द घातला. चुकून काही खाल्लं गेलंच तर 'क्रमांक'मधला 'क्र' जाईल, आकडा शाबूत राहील. पहिला हॅलो मशीनचा.

डबे पोचवायच्या आठवड्यात तिच्या वडिलांना नांदेडला दवाखान्यात ठेवलं. ती गुरुवारी गेली. किरीटभाई घरच्या लग्नासाठी गुजरातला गेले होते. शनिवारी दवाखान्याचे एक विश्वस्त नमुना बघायला आले. ते म्हणाले, "हे दर वेळी क्रमांक क्रमांक काय? वेळ जातो. नुसता आकडा बोलू दे. आणि ती टक होते ती घालवा." सोमवारी माल हवा होता.

मी सुजाताला फोन केला. ती दवाखान्याच्या बाहेर असावी, मागे रिक्षांचे आवाज होते. मी सांगितलं, क्रमांक काढतो आणि साठाचे तीनशे करतो, म्हणजे टक पूर्ण जाईल.

"सर, दोन्ही एकदम करू नका," ती म्हणाली. "तीनशे करायचे तर क्रमांक राहू द्या. क्रमांक काढायचा तर साठच ठेवा. दोन्ही केलं तर आकड्याचं पहिलं अक्षर जाईल. मी मंगळवारी येतेच, तोवर थांबा की हो."

मी "बघतो" म्हणालो. वडिलांची चौकशी केली. मग तिच्या टेबलावर बसून, तिच्याच कॉम्प्युटरवर, दोन्ही बदल केले. ऐकून पाहिलं. मला सगळे आकडे ऐकू आले. ते मला माहीत होते ना.

आमच्या पद्धतीप्रमाणे प्रोग्राममधला प्रत्येक बदल आपोआप नोंदला जायचा. काय बदललं, कोणत्या तारखेला, कोणी. कॉम्प्युटर तिचा होता, तिच्या नावाने उघडलेला. नोंद पडली: एस. सोनकांबळे.

मराठी आकड्यांची एक खोड आहे. एकवीस ते सव्वीस, सगळ्यांच्या शेवटी वीस. फरक फक्त सुरुवातीला. डब्याने नेमकी सुरुवात खाल्ली. पहिल्याच दिवशी दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. "अहो, तुमचा डबा नुसता वीस-वीस करतोय! दारात सहा माणसं उभी, सगळी भांडतायत. वीस नंबरचे आजोबा तर चारदा आत जाऊन आले. डॉक्टर म्हणतायत, आजोबा, आता तपासायला काही उरलं नाही!"

मला हसू आलं होतं, हेही लिहिलं पाहिजे. दुसऱ्या फोनला नाही आलं. चोवीस नंबरची बाई तापाने फणफणलेलं मूल मांडीवर घेऊन दुपारपर्यंत बसून राहिली. आपला नंबर कधी येऊन गेला तिला कळलंच नाही, आणि ती घरी गेली. मूल दोन दिवसांनी बरं झालं. पण तिच्या नवऱ्याने येऊन दवाखान्याची काच फोडली, आणि विश्वस्तांनी सगळे डबे पोत्यात भरून आमच्याकडे परत पाठवले.

बुधवारी किरीटभाईंच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. त्यांनी बदलांची नोंद छापून मागवली होती. चष्मा चढवून वाचत होते.

"सोनकांबळेबेन, ये तुमनेच केलं ना? नाव तर तुमचं हाय."

सुजाता आदल्या रात्रीच्या बसने आली होती. डोळे सुजलेले. तिने कागद घेतला, वाचला. माझ्याकडे पाहिलं. तिला वाटत असणार की मी आता बोलेन. मलाही तसंच वाटत होतं. मी ओठ उघडलेही असतील.

मग तिने कागद माझ्यापुढे सरकवला. अगदी हळू म्हणाली, "सर, ही तारीख बघा ना."

तारीख शनिवारची होती. शनिवारी ती नांदेडला होती. हजेरीच्या वहीत तशी रजा होती. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणालो, "तारखेचं काय, कॉम्प्युटरचं घड्याळ मागेपुढे असतं. आतली बॅटरी उतरली की तारीख बदलते."

हे वाक्य मला आजही शब्दशः पाठ आहे. किरीटभाईंनी मान हलवली. यंत्रातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि माझ्यावर त्यांचा वीस वर्षांचा भरवसा होता. माझं वय, माझी खुर्ची, माझं आडनाव. माझ्या बोलण्याला पुरावा लागत नव्हता. तिच्या हातात पुरावा होता आणि तो पुरत नव्हता. तिने फोनचं सांगितलं असतं, भांडली असती, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. ती भांडली नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. कागदाची घडी घालून तिने तो टेबलावर ठेवला.

"मला एक ते दीड द्या," ती म्हणाली.

भांड्यांची मशीनं थांबली. ती टेबलाशी बसली. साठ परत आणले. क्रमांक काही घातला नाही, विश्वस्तांना नको होता. त्याऐवजी तिने प्रत्येक आकड्याच्या आधी थोडी शांतता जोडली. म्हणजे स्पीकर जागा होईपर्यंत ड्रायव्हरने त्याच्याकडे काहीच नसलेला आवाज पाठवायचा. मशीनने काय खायची ती शांतता खावी. आणि त्या शांततेत वीज एकदम न सोडता पायरी-पायरीने चढवली. टक गेला. रवा टाकून पाहिला, एक कण हलला नाही. मग तिने खिडकीतून हाक मारून मावशीला वर बोलावलं. मावशी टोपली खाली ठेवून, धापा टाकत, पहिल्यांदाच आमच्या गाळ्यात आली.

डबा बोलला. मावशी मागून म्हणाली, "एकवीस." डबा बोलला. "बावीस." असं करत सव्वीसपर्यंत.

"आता समदी आयली गो," मावशी म्हणाली. "सुरवात पन आयली."

एक पंचवीस झाले होते. सुजाताने त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. दुपारभर एकेक टोकन-डबा उघडून नवा प्रोग्राम भरला, संध्याकाळी किल्ली आणि हेडफोन माझ्या टेबलावर ठेवले. "सगळे झालेत सर, मोजून घ्या," म्हणाली आणि गेली ती कायमची. रव्याची डबी विसरली.

तो शांतता जोडायचा भाग पुढे आमच्या प्रत्येक यंत्रात गेला. निरोपसमारंभात किरीटभाईंनी त्याचंच कौतुक केलं. "कर्णिकसाहेबांच्या टीमने टक मारला," म्हणाले. टाळ्या पडल्या.

मधे एका कंपनीतून फोन आला होता. सोनकांबळे म्हणून उमेदवार आहे, तुमच्याकडे होती, कशी आहे? मी म्हणालो, "हुशार आहे. फक्त जरा घाई करते." घाई, आणि सुजाता. त्या कंपनीने तिला घेतलं नाही. तिने ही लाइनच सोडली, असं कोणाकडून तरी कळलं.

गेल्या वर्षी माझे कान गेले. म्हणजे आवाज यायचे, शब्द यायचे नाहीत. मुलाने श्रवणयंत्र घेऊन दिलं, ते शिट्टी वाजवायचं. कोणीतरी सांगितलं, पेणकरपाड्याच्या रस्त्यावर कानाच्या मशीनचं एक दुकान आहे, पहिल्या मजल्यावर. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, पण मशीनचं खरं काम तिथल्या सोनकांबळे मॅडम करतात. त्यांनी हात लावला की मशीन बोलायला लागतं.

मी तीन आठवडे शिट्टी ऐकली. मग गेलो. शर्टाच्या खिशात रव्याची डबी घेतली. आत ताजा रवा भरला होता, का ते सांगता येत नाही.

तिच्या केसांत पांढरं आलंय. कान अजून मोकळे. मला बघून उभी राहिली. "या, सर. बसा." जणू मी सकाळीच घरून निघताना फोन केला होता. समोरच्या बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. तिला ती सांगत होती, "सुरुवातीला भांड्यांचा आवाज फार येईल आजी. घाबरू नका. इतके दिवस भांडी होतीच, तुम्हाला ऐकू येत नव्हती."

माझं मशीन उघडलं, फुंकर मारली, कॉम्प्युटरला जोडलं, कानात बसवलं. मग ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी ओठ वाचू नयेत म्हणून.

"मी बोलते ते म्हणा."

मला ऐकू आलं, "वीस."

"वीस," मी म्हणालो.

पुन्हा आलं, "वीस."

"वीस."

तिसऱ्यांदाही वीसच. ती वळली. चेहऱ्यावर काही नव्हतं. भिंतीवर चाचणीच्या शब्दांची छापील यादी लावली होती. घर, पाणी, खिडकी असे शब्द. आकडे त्यात नव्हते. तिने कॉम्प्युटरवर काहीतरी बदललं आणि पुन्हा पाठ केली.

"एकवीस," मी म्हणालो. "बावीस. तेवीस. चोवीस. पंचवीस. सव्वीस."

"ऐकू यायलंय का, सर?" तिचं नांदेड अजून तसंच होतं.

"येतंय. सगळं येतंय."

"चला, आडनाव राखलंत," ती म्हणाली आणि हसली. अगदी पूर्वीसारखी.

दुपारचा एक वाजला असेल. बाकावरची बाई गेली होती. दुकानात आम्ही दोघंच. मी खिशावर हात ठेवला.

"सुजाता, बरं का…" मी म्हणालो.

तिने हातातलं काम खाली ठेवलं. मान किंचित कलती केली आणि थांबली. पहिला शब्द कोणाचा असतो हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. ती दुसऱ्याची वाट बघत होती. घाई न करता, डोळे मिटून, ऐकायची तशी.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला ऐकू येत होता.

"या बॅटऱ्या किती दिवस जातात?" मी विचारलं.

तिने डोळे उघडले. "आठवडाभर जातात, सर. संपायच्या आधी दोनदा टक करेल. तो टक मुद्दाम ठेवलाय, तेवढा असू द्या."

मी थँक्यू म्हणालो. जिना उतरताना दर पायरीला खिशात काहीतरी बारीक सळसळत होतं. डबीतला रवा होता. वर जाताना तो मला ऐकू आला नव्हता.